एकच ठोका

त्या राज्यात भांड्यांची वस्ती होती, आणि माती, धातू, रंग, वय नि काठाची घडण या पाच गोष्टींवरून कोणत्याही भांड्याला कामातून डावलायचे नाही, असा राजाचा हुकूम होता. हुकूम चांगलाच होता. तरी राजाच्या पाणीघरात पाहावे तिकडे तांबे-पितळच चकाकत असे, आणि मातीच्या घागरीच्या, गेरूबाईच्या, मनात पाल चुकचुकत होती ती यामुळेच.

तिची थोरली बहीण शाडूताई दोन उन्हाळ्यांपूर्वी पाणीघरात जागा मागायला गेली, ती परतलीच नाही. घरी निरोप तेवढा आला : उमेदवाराने स्वतःहून माघार घेतली. अरे, माघार घेतली तर बाई गेली कुठे? तिचा माग काढायचा म्हणूनच गेरूबाईने आता अर्ज केला होता.

रांग लांबलचक, बहुतेक मडक्यांचीच. पाणीघराचे मुख्य तपेलेराव दगडी चौथऱ्याशी बसले होते. हातात लोखंडी पळी, पुढ्यात राजाचा हुकूम उघडून ठेवलेला.

"या गेरूबाई, या! तुम्ही मातीच्या की सोन्याच्या, आम्ही विचारणारसुद्धा नाही," ते हसून म्हणाले. हसणे इतके गोड की तिला उलट धास्तीच वाटली. "परीक्षा सगळ्यांना एकच. इथं बसायचं, पळीचा एक सणसणीत ठोका खायचा. सात मोजेपर्यंत नाद घुमला की जागा तुमची."

तिच्या पुढच्या तांब्याच्या हंड्याने ठोका खाल्ला, घणघणला आणि ऐटीत आत गेला.

"अहो, पण काम पाणी गार ठेवायचं ना?" गेरूबाई म्हणाली. "घुमून पाणी गार होतं होय?"

"हंड्यानं काही कुरकुर केली का? बसायचं नसेल तर तसं सांगा. माघार म्हणून लिहून टाकतो."

घरी आलेल्या निरोपातलाच तो शब्द. बसावे तर ठिकऱ्या, उठावे तर माघार! चौथऱ्याखाली गोणपाटाने झाकलेला एक ढीग होता. तिकडे बघता बघता तिची नजर हुकुमावर गेली. तो वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक खापरी ठेवली होती. तिच्यावर चुन्याची वेल, पाने साडेतीन. चौथे पान काढताना कुंभाराचा हात हलला होता, आणि त्यावरून अख्खी आळी शाडूताईला चिडवायची.

गेरूबाईने ती खापरी उचलून चौथऱ्यावर ठेवली.

"घ्या, मारा ठोका. हिनं माघार घेतली होती म्हणे." तिचा आवाज रांगेच्या टोकापर्यंत पोचला.

वजन निघताच हुकूम फडफडत उडाला आणि तपेलेराव पळी टाकून त्याच्यामागे धावले. इकडे रांग मोडली. एकेक मडके चौथऱ्याशी आले, गोणपाट बाजूला सारून वाकले आणि खापऱ्यांमधून आपापल्या घरची नक्षी शोधू लागले.