फाटकावरचं वचन

माणसांनी नकाशे काढण्याच्या कितीतरी आधी एका रानात एकच तळं होतं. एका दुष्काळात तिथलं कासव म्हणालं होतं, "पाणी कुणाच्याच मालकीचं नाही." त्या शब्दांवर अख्खं रान तगलं.

पुढे रानाचं राष्ट्र झालं. डोंगरापलीकडे गेलेलं कासव कित्येक वर्षांनी कोरड्या घशाने परतलं, तर तळ्याला काटेरी कुंपण! फाटकावर तेच वचन कोरलेलं, वर झेंडूची माळ.

पहाऱ्यावरच्या तरुण रानडुकराने त्याला ओळखलं नाही. "आजोबा, वचन म्हणा. त्याशिवाय आपला कोण, परका कोण, कळायचं कसं?"

"पाणी कुणाच्याच मालकीचं नाही," कासव थकल्या आवाजात म्हणालं.

"वा! अस्सल आपले! या आत."

मागे परमुलखातली हरिणी पाडसाला घेऊन उभी होती. तिला वचन येत नव्हतं.

"आणि हिला?" कासवाने विचारलं.

"ती परकी. पाणी आपलं आहे."

वाद घालायचं त्राण कासवात उरलं नव्हतं.

"मग माझंच वचन म्हणताना चुकलं असेल, बाबा," ते म्हणालं आणि हरिणीशेजारी, कुंपणाबाहेर, जाऊन बसलं.