तांबडीचा सरळ फटका

फार पूर्वी, बॅटी बोलायच्या आणि चेंडू उलट उत्तरं द्यायचे त्या काळी, एका जिमखान्यात टेबल टेनिसची एक बॅट होती. तिला सगळे तांबडी म्हणत. तिचा फटका सरळ आणि असा सणसणीत, की समोरचा बघतच राही.

एकदा सामन्यात तिच्यासमोर काळी बॅट आली. काळी जोर लावतच नव्हती, चेंडूला नुसती कडेने घासत होती. चेंडू गिरक्या घेत यायचा आणि तांबडीने फटका मारला की टेबलाबाहेर उडायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर तांबडी भडकली.

"हा चेंडू फितूर आहे! बदला त्याला!"

चेंडू बदलला. नवाही बाहेरच गेला.

"मेल्या, तूसुद्धा?" ती किंचाळली. "मी एवढं सरळ मारते आणि तू वाकडा जातोस?"

चेंडूही तापला. "काळी मला कुठून घासत आली, ते पाहिलंस तरी का? ती जिथून आली, त्या बाजूला तोंड वळवून मार! पण वळायचं म्हणजे तुला कमीपणा. त्यापेक्षा मलाच शिव्या दे!"

तांबडी संतापाने थरथरली. पण या वेळी तिने चेंडूकडे नाही, काळीकडे डोळे वटारले. दातओठ खात तोंड जरासं वळवलं आणि तोच सणसणीत फटका हाणला. चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात टप्पा घेऊन निघून गेला.

आता काळीही कडाडली, "हा चेंडू फितूर आहे! बदला त्याला!"