कुलपाआडच्या लेकी

फार फार वर्षं झाली त्याला. सातासमुद्रापलीकडच्या स्पेनच्या राजाने जिंकलेल्या मुलखात, डोंगराच्या पायथ्याशी एक मिशन होतं, म्हणजे डोंगरातल्या लोकांना ख्रिस्ती करून वसवलेली वस्ती. मातीच्या विटांचं देऊळ, भोवती मक्याची शेतं, आणि सगळ्यांवर हुकूम एका पाद्रीबाबांचा.

बाबा मनाने वाईट नव्हते हो! आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, वेळ पडली तर स्वतः नांगर धरायचे. पण डोंगरातल्या माणसाला एकदा बाप्तिस्मा दिला, की तो पुन्हा रानात गेलेला त्यांना खपायचा नाही. म्हणून त्यांनी एक रीत घातली. संध्याकाळची प्रार्थना झाली, की बिनलग्नाच्या मुलींना एका लांबट खोलीत घालायचं आणि बाहेरून कुलूप ठोकायचं. किल्ली बाबांच्या कमरेला.

"लेकरांच्या भल्यासाठीच हे," ते म्हणायचे. आता भलं करणाऱ्याचा हात कोण धरणार?

एकदा काय झालं, कुलूप लावून बाबा वळतात न वळतात तोच चुलीची ठिणगी उडाली आणि त्या खोलीच्या गवती छपराने पेट घेतला. आतून किंकाळ्या उठल्या. एका बाईची लेक, इसाबेल, आत होती. बाई ऊर फुटेस्तोवर धावत आली.

"बाबा, दार उघडा! माझी पोर आत आहे!"

बाबांनी किल्ली हातात घेतली आणि थबकले. आवाराचं फाटक सताड उघडं होतं. मुली सुटल्या, की थेट डोंगर गाठतील!

"आधी फाटकावर शिपाई उभे करा," ते ओरडले. "मग उघडतो."

"अहो, जळतंय ते! शिपाई कसले मागवताय?"

"जरा थांब, बाई. रानात गेल्या तर त्यांचे आत्मे हातचे जातील."

"आत्म्यांचं मागाहून बघा! आधी जीव वाचवा!"

शिपाई कुठले यायला? ते बादल्या घेऊन ओढ्यावर पळाले होते. छपराचे पेटते पुंजके खाली पडू लागले. आतल्या किंकाळ्यांचा खोकला झाला, आणि मग तोही कमी कमी होत गेला. आईने बाबांच्या हातातली किल्ली हिसकावली आणि कुलूप उघडलं.

धुरातून मुली धडपडत बाहेर आल्या. सगळ्यांत शेवटी इसाबेल, केस होरपळलेले, काखेत एक लहानगी. ती उंबऱ्याबाहेर आली आणि मागे छप्पर कोसळलं.

"लेकरांनो, वाचलात!" बाबांनी हात पसरले. एकही मुलगी त्यांच्याकडे गेली नाही.

इसाबेलचा हात धरून आई म्हणाली, "बाबा, मी तापाने फणफणले होते तेव्हा तुम्ही माझ्या उशाशी बसलात, ते मी विसरणार नाही. पण आज तुम्ही आधी फाटक बघितलंत, मग माझी पोर."

मायलेकी फाटकातून डोंगराकडे चालू लागल्या. त्यांच्यामागून बाकीच्या मुली निघाल्या, मग त्यांचे आईबापही. ओढ्यावरून परतलेल्या शिपायांनी बादल्या खाली ठेवल्या, पण कुणालाच अडवलं नाही. त्या साली मका शेतातच वाळला, आणि देवळात बाबा एकटेच प्रार्थना म्हणत राहिले.

माणसाचा जीव जाईल यापेक्षा माणूस हातचा जाईल याची धास्ती ज्याला जास्त, त्याने स्वतःला कुणाचा बाप म्हणवून घेऊ नये.