खुराड्यावरचा तवा

“मग न चिकटणारा तवा मिळतो तरी कुठे, आबा?”

शलाकाने हे विचारलं तेव्हा आबा चुलीपुढे बसून घावन घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. पीठ तव्यावर कडेकडून आत ओतलं आणि झाकण ठेवलं...

आबा म्हणजे आमच्या वाडीमागच्या टेकडीवरच्या मठातले म्हातारबुवा. प्रवचन करत नाहीत. दर गुरुवारी येईल त्याला स्वतःच्या हाताने गरम घावन आणि नारळाचा रस वाढतात. कोणी काही विचारलं तर कधी उत्तर देतात, कधी देत नाहीत.

शलाका माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये मेंदीचं कुंपण आहे आणि ते मी फार वाढू देत नाही. त्यामुळे तिची हकिगत मला तिच्या नवऱ्याच्याही आधी कळते.

हकिगत अशी. नाक्यावरच्या लॉजवर रोज सकाळी तिच्या घरची घावनं जात. नॉनस्टिकच्या तव्यावर घालायची, कागदासारखी सुटायची. तवे मात्र टिकत नसत. वरच्या थराला आधी ओरखडे, मग पापुद्रे, मग बाजारातून नवा तवा. असं चाललेलं असताना एक दिवस तसला काळा पापुद्रा घावनाला चिकटून एका पाहुण्याच्या ताटात गेला. त्याने तो बोटावर घेऊन मालकाला दाखवला.

मालकाने शलाकाला बोलावून घेतलं. दुसरी कोणी असती तर रडत घरी आली असती. हिने तिथल्या तिथे सांगितलं की त्या तव्यावर माझ्या घरात यापुढे काही होणार नाही, तुमच्याकडे येईल ते लोखंडावरचंच येईल. मालक म्हणाला, महिनाभर थांबतो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी घावनं आली नाहीत तर दुसरी बाई बघून ठेवली आहे.

तो सोमवार आता चार दिवसांवर आला होता.

महिनाभरात तिने काय केलं, तर तवे बदलले. पहिला आठवड्याच्या बाजारातला. घावन चिकटलं, तवा परसात फेकला. तो मी उचलला आणि माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवला. चांगला वजनदार आहे, मुंगसाला हलत नाही. मग तिने जाड तवा आणला. मग खोलगट. मग कोणी सांगितलं म्हणून थेट कोल्हापूरहून मागवला. सगळे चिकटले.

आणि रोज रात्री ती तो तवा साबण आणि तारेची घासणी घेऊन असा घासायची की सकाळी दुकानातून आणल्यासारखा दिसावा. शलाकाची भांडी हा आमच्या वाडीत बोलण्याचा विषय. काळं भांडं तिने कधी फळीवर चढवलं नाही. माझी सासू तव्याला साबण लागू देत नसे, हे मी कुंपणावरून एकदा सांगून पाहिलं. ती हसून म्हणाली, “काकू, आळसाला तुम्ही लोक नावं छान देता.”

मी मेंदी छाटायला घेतली.

तिचा नवरा, उमेश, काही बोलला नव्हता. त्याने फक्त एक कोरा नॉनस्टिक तवा आणून खोक्यासकट ओट्यावर ठेवला होता. ते खोकं येताजाता तिच्याकडे बघत होतं.

म्हणून त्या गुरुवारी उरलेले तिन्ही तवे पोत्यात भरून ती मठात आली. सोबत मी. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण एवढं ओझं एकटीने कसं न्यायचं, असं मीच म्हटलं.

आबांनी झाकण काढलं. घावनाच्या कडा आपोआप वर आल्या होत्या. उलथण्याचा नुसता स्पर्श झाला आणि ते सरकलं...

शलाका तव्याकडे बघत राहिली. बिडाचा तवा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. काळाकुट्ट.

“हाच मला द्या,” ती म्हणाली. “माझे तिन्ही तुम्ही ठेवा.”

आबा हसले. तेवढ्यात देवळात घंटा झाली. आबा उठले, बाकीचे उठले, मीही उठले. शलाका म्हणाली की मी इथेच थांबते, काहीतरी सेवा माझ्याही हातून होऊ दे.

आरती, भजन करून आलो, तर चुलीवर तवा नव्हता.

शलाका विहिरीकडून येत होती. कपाळावर घाम, हातात तवा. चिंच लावून, विटेच्या चुऱ्याने आणि काथ्याने तिने तो असा घासला होता की काळेपणाचा कणही उरला नव्हता. पांढुरका, उघडा पडलेला तवा. इतक्या चांगल्या तव्यावर किती वर्षांचा मेणचट थर बसला होता, तुम्ही कुणी कधी बघितलंच नाही का, असं तिने आल्याआल्या विचारलं. स्वरात कौतुकाची अपेक्षा होती.



भजनातले तातू गावडे, ज्यांना गप्प राहण्याची सवय नाही, ते त्या उघड्या तव्याकडे बघत राहिले.

आबांनी तवा हातात घेतला. त्यावरून तळवा फिरवला. मग तो तोंडासमोर धरून खाली वाकून पाहिलं...

“दाढी वाढली आहे माझी,” ते म्हणाले.

आणि चुलीपुढच्या पाटावरून बाजूच्या पाटावर सरकले.

“बस.”

“मी?”

“लोक जेवायचे आहेत.”

ती बसली. तवा तापला, पीठ घातलं, झाकण ठेवलं, काढलं. उलथणं घातलं तर घावन तव्याशी एकजीव झालेलं. खरवडून काढलं तेव्हा हातात चुरा आला. आबांनी आपलं ताट पुढे केलं. तिला वाढवेना. ताट तसंच पुढे राहिलं, तेव्हा तिने तो चुरा त्यात टाकला आणि आबांनी तो रसाबरोबर शांतपणे खाल्ला.

दुसरं तसंच. तिसरं त्याहून वाईट. तिसरं तातूंच्या ताटात गेलं आणि त्यांना राहवलं नाही. “आज उपमा आहे वाटतं, वहिनी,” ते म्हणाले. दोघं-तिघं हसले.

घासून काढलेला तो काळा थरच घावन सोडवत होता, हे शलाकाच्या आता लक्षात आलं होतं. तिचा चेहरा मला बघवेना. तिने उलथणं खाली ठेवलं.

“घरी कोरा नॉनस्टिक आहे, आबा. खोकंही फोडलेलं नाही. गाडीवरून जाते आणि घेऊन येते. माझ्यामुळे लोक उपाशी नकोत.”

बोलून झालं आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. लॉजच्या मालकासमोर ताठ मानेने उभी राहिलेली बाई ती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

“आण,” आबा म्हणाले. “अडचण काहीच नाही.”

चूल धडधडत होती...

शलाका उठली नाही.

पदर कमरेला खोचला. वांग्याचं देठ तेलात बुडवून ती तव्यावर फिरवू लागली. तेल जळून धूर आला. ती खोकली, फडक्याने पुसलं, पुन्हा देठ फिरवलं. पुन्हा धूर. पीठ घालण्याची घाई तिने केली नाही, हे मी आधी पाहिलं आणि मग आबांनी पाहिलं असावं, कारण त्यांनी पुढे होऊन चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. जाळ बसला.

मग त्यांनी उलथणं उचललं आणि स्वतःच्या पाटाखाली सारलं.

“आणि उलटू कशाने?”

“वेळ आली की मागून घे.”

तिने पीठ घातलं. झाकण ठेवलं. हात मोकळे राहिले तर ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना. झाकणाकडे जायचे, परत यायचे. झाकणाखालचा चरचर आवाज हळूहळू बारीक होत गेला...

“द्या,” ती म्हणाली.

अर्धं घावन सुटलं, अर्धं राहिलं. सुटलेलं अर्धं तिने तातूंना वाढलं. त्यांनी ते रसात बुडवून खाल्लं.

मग पुन्हा तेल, पुन्हा पीठ, पुन्हा पाटाखालचं उलथणं मागून घेणं. कोणी उठून गेलं नाही. तुकडे पोटात जात होते, भूक भागत होती आणि खरं सांगायचं तर आम्हाला बघायचं होतं. तव्याच्या मधोमध एक काळसर डाग धरला होता. रुपयाएवढा. मग पुरीएवढा. शलाकाने घाम पुसला तशी काजळी कपाळभर लागली. मी खूण केली. तिने ती पाहिली आणि पुसलं नाही.

उन्हं मठाच्या पायरीवरून खाली उतरली तेव्हा तिने एकदा उलथणं मागितलं, कडेला लावलं आणि घावन सरकलं.

अख्खं. मध्ये एक भोक पडलं होतं, पण अख्खं.

तातूंनी ताट पुढे केलं. शलाकाने ते घावन आबांच्या ताटात वाढलं.

सगळे जेवले. चूल विझायला आली. सवयीने तिचा हात काथ्याकडे आणि विटेच्या चुऱ्याकडे गेला... मधेच थांबला. तिने फडकं घेतलं, तवा नुसता पुसला, बोटभर तेल लावलं आणि भिंतीला उभा करून ठेवला. तसाच, डागासकट, सगळ्यांना दिसेल असा.

आबांचा तवा मागायचं ती विसरली होती, की आता मागायचा नव्हता, ते मला सांगता येणार नाही. तिने दारातलं पोतं ओढत आणलं आणि तिन्ही तवे आबांसमोर मांडले. जाड, खोलगट आणि कोल्हापूरचा. तिन्ही लखलखीत.

“सोमवार आलाच आहे, आबा. माझ्याच तव्यावर करायचं ठरवलंय. यांतला कुठला ठेवू, तेवढं सांगा.”

आबांनी एकाही तव्याकडे पाहिलं नाही.

“सगळ्यात आधी कुठला टाकलास?”

“तो यात नाही...” ती अडखळली. “तो काकूंकडे आहे.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला सांगावंच लागलं की तो खुराड्यावर झाकण म्हणून आहे, वरून गंजलाय, खालून कोंबड्यांनी काय केलंय ते जेवल्यावर बोलू नये, पण मुंगसाला हलत नाही म्हणून माझी फार सोय झाली आहे.

शलाका माझ्याकडे बघत होती. काजळी लागलेल्या कपाळाखाली तिचे डोळे एकदम स्थिर झाले होते. तिने तिन्ही तवे एकेक करून पोत्यात परत भरले आणि पोत्याचं तोंड बांधलं.

आबांनी त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे मान वळवली.

“मग आज कोंबड्यांना दुसरं झाकण बघा.”