पाण्याची गाठ

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. राज्याचे नाव आता नीट आठवत नाही. जे ओठांवर येते ते दुसऱ्याच एखाद्या गोष्टीतले असावे, अशी शंका येते. म्हणून ते न सांगितलेले बरे. राजाचे नाव बहुधा बरोबर आहे. तिथली चालरीत मात्र पक्की आठवते. त्या राज्यात वचन दिले की गाठ बांधत. पुरुषाने शेल्याला, बाईने पदराला. वचन पुरे झाले की ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची. दुसऱ्याच्या गाठीला हात लावणे चोरीहून वाईट मानत.

आणखी एक रीत होती. घरात बाळंतीण अडली, किंवा म्हाताऱ्या माणसाचा जीव अडला, तर घरातल्या सगळ्या गाठी सोडायच्या. दावणीची गुरे मोकळी करायची, पोत्यांची तोंडे उघडायची, बायकांनी वेण्या सोडायच्या. मग अडलेल्या जिवाला वाट मिळते.

राजकन्या सुवेला अशीच जन्मली. महालातली शेवटची गाठ सुटली तेव्हा ती रडली. राणीने ते रडणे ऐकले आणि कायमचे डोळे मिटले. त्या धांदलीत कोण्या दासीने राजाच्या शेल्याची गाठही सोडली, असे महालात सांगत. ती कोणत्या वचनाची होती हे कोणालाच ठाऊक नव्हते. गाठ गेली, तसे ते वचन राजाच्या मनातूनही गेले.

तिथून राजाला विसर पडू लागला. आधी झाडांची नावे गेली, मग मंत्र्यांची, मग घोड्याचे नाव गेले, आणि ते गेले तेव्हा राजा रडला. पुढे रडण्याचे कारणही गेले. सुवेला मोठी झाली तोवर तो घास तोंडात घेऊन गिळायचे विसरू लागला. वैद्य म्हणाले, "आता श्वास घ्यायचे तेवढे विसरायचे राहिले आहे."

सुवेला त्याला भरवत असे.

"तू कोण, बाई?"

"तुमची मुलगी, बाबा."

"मला मुलगी आहे? छान. नाव काय ठेवले तिचे?"

ती नाव सांगे. पुढच्या घासाला तो पुन्हा विचारी. त्याने आपणहून एकदा, एकदाच, नावाने हाक मारावी, एवढीच तिची इच्छा होती. आणि दिवस सरत चालले होते.

सुवेलेचे स्वतःचेही एक दुखणे होते. तिने बांधलेली गाठ टिकत नसे. वेणी घातली की सुटे. ओढणी काट्यांनी टोचून ठेवावी लागे. दासी आपसात हसत, "राजकन्येला पाळण्याची दोरी बांधायला सांगू नका गं, मूल आपटेल!"

एके दिवशी राजा मान कलती करून म्हणाला, "पाणी पडताना ऐकू येत नाही."

सुवेलेने महालातल्या म्हाताऱ्या सुइणीला विचारले. वेणूआई तिचे नाव. सुवेलेला पहिल्यांदा हातात घेणारी तीच.

"डोंगरावर धबधबा होता," वेणूआई म्हणाली. "त्याचा आवाज इथवर यायचा. तू जन्मायच्या थोडे आधी तो गप्प झाला."

"मग वर जाऊन कोणी पाहिले नाही?"

"नगरातले तळे काठोकाठ भरलेले आहे, पोरी. कोण कशाला जाईल?"

बोलता बोलता म्हातारीची बोटे पदराकडे गेली. तिथे एक जुनी, मळून काळी पडलेली गाठ होती. सुवेलेने हात पुढे केला.

"हिला हात लावू नकोस," वेणूआई कडाडली. "तू नाहीच लावायचा."

सुवेला डोंगराकडे निघाली. आभाळ राखेच्या रंगाचे होते. पायथ्याशी वाट रानात शिरली आणि उजेड मागे राहिला. खोडांवरचे शेवाळ वाळून खपलीसारखे सुटत होते. नेच्यांची पाने मुठी आवळाव्या तशी मिटली होती. ओढ्याच्या कोरड्या दगडावर एक शीळकरी कस्तूर बसला होता, काळानिळा, मान पाडून. हा पक्षी वाहत्या पाण्याशेजारीच शीळ घालतो.

"परत जा, राजकन्ये," पक्षी म्हणाला. "वर पाहण्यासारखे काही नाही."

"तू का बसला आहेस मग?"

"मला दुसरे गाणे येत नाही म्हणून. तुझे काय?"

"मला दुसरे बाबा नाहीत म्हणून."

पक्ष्याने पंख झटकले. "चल," तो म्हणाला, "वाट दाखवतो. शीळ मात्र मागू नकोस."

पहिल्या चढावर गारंबीच्या वेलींनी वाट अडवली होती. मांडीएवढे जाड वेल एकमेकांत गुंतून भिंत झाले होते. तिच्याआधी कोणी तरी आला असावा. एक गंजलेली तलवार वेलींनी गिळली होती, मूठ तेवढी बाहेर होती. सुवेलेने वेलीला नुसती बोटे लावली. गाठी एकामागून एक सुटल्या.

"असे कधी पाहिले नव्हते," कस्तूर म्हणाला.

"माझ्या वेणीचेही असेच होते," ती म्हणाली.

दुसऱ्या चढावर, दोन कड्यांच्या फटीत, एक अजगर स्वतःच्याच अंगाची गाठ पडून अडकला होता. कातडीला जखमा झाल्या होत्या.

"सोडवलेस तर तुला गिळीन," अजगर म्हणाला. "आधीच सांगतो. भूक फार आहे."

"न सोडवता मला पुढे जाता येत नाही," सुवेला म्हणाली, आणि तिने हात घातला. त्याचे अंग थंड होते. गाठ सुटली. अजगर फटीबाहेर लांबच लांब पसरला आणि सुस्कारला.

"गिळतोस ना?" कस्तुराने झाडावरून विचारले.

"गप रे," अजगर म्हणाला. "सरळ पडण्यात काय सुख असते ते विसरलोच होतो. जा, पोरी, मला भूक पुन्हा आठवण्याआधी जा."

तिसऱ्या चढाच्या माथ्यावर धबधब्याचा कडा होता. खाली डोह कोरडा, तळाशी माशांचे काटे. काठावर एक जोगीण बसली होती. तिच्या अंगातून पलीकडचा दगड दिसत होता, इतकी ती विरत आली होती. आणि वर, कड्याच्या तोंडाशी, नदीची गाठ बांधलेली होती. पाणी येई, गाठीत शिरून तुंबे, आणि थोडेसे वळून नगराच्या पाटात जाई. गाठीवर राजाचा अर्धा शेला आवळलेला होता.

"दुष्काळ होता," जोगीण म्हणाली. "तुझ्या बापाने नगरासाठी माझे पाणी मागितले. तळे भरले की गाठ सोडीन, असे वचन दिले. शेल्याचे दोन तुकडे केले. एकाने पाणी बांधले, दुसऱ्यावर वचनाची गाठ मारली. तळे भरले. तो आला नाही. मी शाप दिला: माझे वाहणे थांबले, तसे याच्या आतले वाहणे थांबो."

"त्यांची गाठ दासीने सोडली. त्यांचा दोष नाही."

"शाप दोष विचारत नाही."

"मी ही सोडते."

"तुझ्या हाताने सुटेल. पण इतक्या वर्षांचे कोंडलेले पाणी एकदम सुटले, तर खालचे नगर वाहून जाईल. जुनी सोडून लगेच सैल गाठ बांधावी लागेल. निम्मे पाणी खाली, निम्मे पाटात. मला हात उरलेले नाहीत. तुला बांधता येते?"

सुवेलेने आपल्या सुटलेल्या वेणीकडे पाहिले.

"बांधता येत नाही," ती म्हणाली. "धरता येते."

तिने गाठ सोडली आणि शेल्याची दोन्ही टोके मुठींत घेतली. नदीने हिसका दिला. खांदे निखळतील असे तिला वाटले. तिने टाचा खडकाच्या खोबणीत रोवल्या आणि धरून राहिली. निम्मे पाणी कड्यावरून पडू लागले. त्या आवाजाने झाडावरचा कस्तूर दचकला.

खाली महालात राजाने तोंडातला घास गिळला. मान वर केली. "माझी काठी आणा," तो म्हणाला. आणि आणणाऱ्याला त्याने नावाने हाक मारली.

पालखी चालेल तिथवर पालखीने, पुढे काठीच्या आधाराने तो चढला. सुवेलेला वेळ कळत नव्हता. तळवे सोलले होते, शेल्यावर रक्त उतरले होते. एक मूठ सैल होऊ लागली तेव्हा मागून आवाज आला.

"सुवेला."

तिने वळून पाहिले नाही. वळली असती तर नगर गेले असते.

"पुन्हा म्हणा, बाबा."

"सुवेला. सोड आता. मी धरले आहे."

राजाने सैल गाठ बांधली. ती टिकली. कस्तुराने शीळ घातली. जोगिणीच्या अंगाआडचा दगड दिसेनासा झाला.

"उशीर झाला," राजा जोगिणीला म्हणाला.

"झाला," जोगीण म्हणाली, आणि पाण्यात शिरली.

मेलेले मासे काही परत आले नाहीत. राजाला सगळे आठवू लागले, राणीसुद्धा, आणि ते त्याला झेपले नाही. पुढचा हिवाळा त्याने पाहिला नाही. पण तोवर रोज सकाळी तो मुलीला नावाने हाक मारी. सुवेला गादीवर बसली. डोह भरला, नगरालाही पाणी पुरले. तिची वेणी आता सुटत नसे.

बऱ्याच वर्षांनी वेणूआईचा जीव अडला. घरातल्या गाठी सोडल्या. पदरातली तेवढी राहिली. सुवेला उशाशी बसली. म्हातारीने स्वतःच्या बोटांनी ती सोडली.

"दासीची गोष्ट मीच पसरवली," ती म्हणाली. "तुला खरे कळू द्यायचे नाही, असे वचन महाराजांनी माझ्याकडून घेतले होते. राजाच्या शेल्याला कोण हात लावणार, पोरी? तू अडली होतीस. त्यांनी विचारले, 'आता कोणती गाठ उरली?' मी म्हटले, 'महाराज, तुमचीच.' त्यांनी मान डोलावली, आणि स्वतःच्या हाताने सोडली."