गेरूची खूण नसलेली फळी

पूर्वी पश्चिमेच्या एका बंदरात राजा विजितसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने सुताराच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुनेत्र. तारवे तपासणाऱ्या तिघा परीक्षकांत तो वडील होता. परीक्षक लाकडी मोगरीने फळ्या ठोकून आवाज ऐकत आणि तारू निर्दोष वाटले तर तापल्या लोखंडाने आपापली मुद्रा त्यावर डागत. दोन मुद्रा पुरत. त्यांच्या भरवशावर खलाशी निर्धास्त चढत.

पण तारवे श्रेष्ठी उग्रदत्ताची आणि परीक्षक नेमणाराही तोच. त्याचा सुतार आधी गेरूने खुणा करी. तेवढ्याच फळ्या वाजवायच्या. दुसरा परीक्षक नंदिल याला त्यात वावगे वाटत नसे. त्याच्या मुलीचे लग्न श्रेष्ठीनेच लावून दिले होते. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. इथे टाळीऐवजी मोगरी, एवढेच. तिसरा तर श्रेष्ठीचा मेहुणा, त्याच्याविषयी काय बोलावे! मागल्या वर्षी सुनेत्र आजारी असताना या दोघांनी मुद्रा दिलेले तारू चाळीस खलाशांसह बुडाले होते.

यंदाचे नवे तारू वाळूवर उभे होते, अजून पाण्याला लागले नव्हते. भर दुपारी नंदिल आत उतरला. त्याने खुणेची फळी वाजवली. आवाज चोख आला. तोच शेजारच्या बिनखुणेच्या फळीवर बाहेरून कुणीतरी ठकठक केले.

"बाहेर कोण आहे?" त्याने विचारले.

"कुणी नाही," वर उभा असलेला सुनेत्र म्हणाला.

पुन्हा ठकठक झाली, या वेळी तळाशी. नंदिल धडपडत बाहेर आला. त्या बाजूच्या ओल्या वाळूत एकही पाऊल उमटलेले नव्हते.

"बिनखुणेच्या फळ्या वाजवल्याशिवाय मुद्रा नाही," सुनेत्र म्हणाला.

उग्रदत्त जवळच होता. "सुनेत्रा, तुला नेमलं कुणी?"

"आपणच, श्रेष्ठी. पण मी ऐकतो ते चढणाऱ्यांसाठी."

"मग आजपासून तू परीक्षक नाहीस." श्रेष्ठी नंदिलकडे वळला आणि गोड आवाजात म्हणाला, "मुलगी सुखात आहे ना रे?"

सुनेत्राने आपली मोगरी नंदिलच्या हाती दिली. पलीकडे खलाशी गाठोडी घेऊन बसले होते. नंदिलच्या डोळ्यांसमोर मुलीचा चेहरा आला आणि त्याला रडू आले. तरीही तो आत गेला आणि त्याने बिनखुणेच्या फळीवर घाव घातला.

रंगाचा पोपडा पडला. आत खाऱ्या पाण्याने खाल्लेले जुने लाकूड होते, त्यावर नखांचे ओरखडे, आणि ओरखड्यांच्या मधोमध नंदिलची स्वतःची मुद्रा. बुडालेल्या तारवाच्या, किनाऱ्याला लागलेल्या फळ्या श्रेष्ठीने रंगवून पुन्हा जडवल्या होत्या.

"ही मुद्रा माझी आहे," नंदिल बाहेर येऊन खलाशांना म्हणाला. "चढू नका."

हे कानावर येताच राजाने परीक्षक नेमण्याचा अधिकार श्रेष्ठीकडून काढून खलाशांच्या घरच्यांना दिला.

कथा संपवून भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, समोरच्या एका भिक्षूकडे पाहिले. भोजन देणाऱ्या गृहस्थाचे खोटे कळूनही तो आदल्या दिवशी गप्प राहिला होता.

"तो गृहस्थ तेव्हाचा उग्रदत्त. नंदिल तू होतास. सुनेत्र मी."

"आणि ते चाळीस खलाशी, भंते?"

"ते तुझ्याभोवतीच बसले आहेत."

भिक्षूने वळून पाहिले. सभेतले सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

"ज्याचे अन्न खाल्ले त्याच्यासमोरही खरे बोलावे," शास्ते म्हणाले. "हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."