जाग्या वहाणा

आधी पाय आत घ्या. ए गुंड्या, तिचं पांघरूण ओढू नकोस, दोघांना पुरतंय ते. हं, ऐका आता.

एकदा काय झालं, एका राजाच्या राज्यातली नदी भरदुपारी जागची उठली आणि गावात शिरली. बकुळा नावाची एवढीशी पोर घरात झोपली होती. आईनं तिला उठवलं, पायांत वहाणा घातल्या, शेजाऱ्याच्या खांद्यावर दिलं आणि टेकडीकडे धाडलं. मग आई घरातल्या म्हातारीला आणायला माघारी वळली. ती काही परत आली नाही, बाळांनो.

मग पाणी ओसरलं. बकुळा मावशीकडे राहू लागली. मावशी कामाला जायची, म्हणून बकुळाला बालवाडीत सोडायची. तिथली रीत अशी, की वहाणा दाराबाहेर काढायच्या. आणि बकुळा काही केल्या काढीना! मग बसायची आपली उंबऱ्याबाहेर. आत पोरं गाणी म्हणायची, खाऊ खायची, दुपारी सतरंजीवर ओळीनं झोपायची. ही बाहेर, डोळे टक्क उघडे. फार एकटं वाटायचं हो तिला. पण सांगणार कुणाला?

बालवाडीच्या बाईंनी एकदा तिच्या वहाणा ओढून काढायला घेतल्या. तर काय नवल! वहाणा पायांना घट्ट चिकटल्या, निघेचनात. मग राजाला कळलं. राजाच तो, त्यानं मखमली मोजड्या पाठवल्या, वर मोती लावलेल्या. बकुळानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोती घेऊन काय करायचंय तिला?

मग त्या बाई गेल्या आणि नव्या बाई आल्या, अनसाबाई. त्यांनी काय केलं? काहीच नाही, बरं का. पोरं झोपली, की स्वतःच्या वहाणा पायांत घालायच्या आणि बकुळाशेजारी येऊन बसायच्या. एके दुपारी त्यांनी खाली वाकून तिच्या वहाणांनाच विचारलं, "काय गं, दमलात का?"

आणि वहाणा बोलल्या की! म्हणाल्या, "दमणार नाही तर काय! नदी आली तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. पण आम्ही झोपलो आणि पुन्हा पाणी आलं, तर हिच्या पायांत आम्हाला कोण घालणार?"

"मी जागी आहे की," बाई म्हणाल्या.

"असं सगळेच म्हणतात," वहाणा फुरंगटून म्हणाल्या.

मग एक दिवस मांजरानं आतला माठ पाडला. पाणी वाहत उंबऱ्यापर्यंत आलं. झालं! बकुळाच्या पाचावर धारण बसली. तिनं जी धूम ठोकली ती थेट टेकडीकडे. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, "अगं वेडे, माठाचं पाणी ते!" अनसाबाईंनी तसलं काही म्हटलं नाही. बालवाडीतल्या मदतनीस बाईला म्हणाल्या, "पोरं सांभाळ गं," पदर खोचला आणि बकुळाचा हात धरून त्याही पळाल्या. टेकडीवर पोचेपर्यंत दोघींना धाप लागली. वरून पाहिलं, तर नदी आपली जागच्या जागी होती. तेव्हा कुठे बकुळा आईसाठी रडली, पहिल्यांदाच. बाईंनी पोटभर रडू दिलं. मग म्हणाल्या, "पुन्हा भीती वाटली तर पुन्हा पळू. दोघी मिळून."

दुसऱ्या दिवशी बाईंनी बकुळाची सतरंजी दाराशीच घातली. बकुळा वहाणांसकट आत आली आणि आडवी झाली. आणि काय सांगू, वहाणा आपोआप पायांतून गळून पडल्या आणि चक्क घोरायला लागल्या! बाईंनी त्या बाहेर नेऊन ठेवल्या का? छे! तिच्या पायाशीच ठेवल्या, उठल्याबरोबर पाय आत जाईल अशा. मग बकुळाही झोपली.

आई काही परत आली नाही. ती कशी येणार? पण बकुळा जेवली, खेळली, मोठी झाली, सुखात राहिली. आणि रोज दुपारी ती झोपायची तेवढा वेळ अनसाबाई पायांत वहाणा घालून दारात बसून असायच्या.

चला, झोपा आता. गुंड्या, डोळे किलकिले करून काय बघतोस? मीट डोळे. मी आहे जागी.